एका पितळी दंडगोलाने किलोग्रॅम ठरवला: पॅरिस, १७९९

फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ रोजी वजनमापांचा जो कायदा झाला, त्यात ग्रॅमची व्याख्या एका वाक्यात आहे. मीटरचा शंभरावा भाग ही बाजू धरून केलेल्या घनात जेवढे शुद्ध पाणी मावेल, त्याचे बर्फ वितळण्याच्या तापमानाला असलेले वजन म्हणजे एक ग्रॅम. वाचताना यात काही अवघड वाटत नाही. घन करा, पाणी भरा, तोलून मोकळे व्हा. पण हे वाक्य हातात धरता येईल अशा वजनात उतरायला १७९९ साल उजाडले, आणि त्या कामात युरोपातले उत्तम तराजू, उत्तम कारागीर आणि काही फार चांगली डोकी खर्ची पडली.

वापरलेली पद्धत मात्र शाळेतली आहे. खडबडीत दगडाचे आकारमान काढायचे असले की आपण मोजपात्रात पाणी घेतो, दोरा बांधून दगड आत सोडतो आणि पाणी किती चढले ते वाचतो. बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारते, एवढ्या एका गोष्टीवर सगळे उभे आहे. पॅरिसमध्ये हाच प्रयोग उलट्या बाजूने झाला. वस्तूचे आकारमान आधी पट्टीने मोजून घेतले आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन शोधले.

अभ्यासासाठी हे प्रकरण मोलाचे आहे, कारण एकतर इथे पाणी-विस्थापनाची पद्धत तिच्या शेवटच्या टोकापर्यंत ताणली गेली. दुसरे म्हणजे ती नेमकी किती चुकली हे पुढे शंभर वर्षांनी मोजले गेले. किलोमागे २८ मिलिग्रॅम. एवढीशी चूक कुठून आली असेल याचा हिशेब आजही कागद-पेन्सिल घेऊन मांडता येतो, आणि तो मांडताना ही पद्धत कुठे भक्कम आहे नि कुठे हळवी, ते स्वच्छ दिसते.

भांडे भरण्याऐवजी वस्तू बुडवली

कायद्यातले वाक्य शब्दशः पाळायचे तर घनाकृती भांडे करून त्यात पाणी भरायला हवे. ते कोणी केले नाही, आणि बरेच केले. भांड्याची आतली मापे घेणे फार कठीण. कोपऱ्यांत पट्टी नीट पोचत नाही, काठापर्यंत भरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग वक्र असतो, आणि भांडे रिकामे केले तरी भिंतींना पाणी चिकटून राहते. भरीव दिसणाऱ्या वस्तूची बाहेरची मापे मात्र हवी तितक्या वेळा, हव्या त्या ठिकाणी घेता येतात. म्हणून वस्तू बुडवायची ठरली.

आकार दंडगोलाचा निवडला, कारण लेथवर तो घनापेक्षा अचूक उतरतो. उंची आणि व्यास दोन्ही २४ सेंटिमीटरांहून थोडे अधिक ठेवले. आकारमान साधारण ११.३ घन डेसिमीटर. एवढा मोठा का? लांबी मोजताना होणारी चूक ही वस्तूच्या आकाराबरोबर वाढत नाही. एक शतांश मिलिमीटरची चूक एक सेंटिमीटर बाजूच्या घनात हजारात तीन इतकी भरते, तर २४ सेंटिमीटरांच्या दंडगोलात लाखात बारा-तेरा इतकीच.

आता दुसरा प्रश्न. बाजूला सरलेले पाणी मोजायचे कसे? पातळी किती चढली हे पाहून, किंवा तोटीतून सांडलेले पाणी गोळा करून, हे पहिले दोन मार्ग सुचतात. हा दंडगोल मावेल अशी ३० सेंटिमीटर व्यासाची टाकी घ्या. तिच्यात पातळीतला एक मिलिमीटर म्हणजे ७० मिलिलिटर पाणी. पातळी अगदी दशांश मिलिमीटरपर्यंत वाचली तरी सात मिलिलिटरची अनिश्चितता उरतेच, म्हणजे हजारात अर्ध्याहून जास्त. सांडलेल्या पाण्याची गतही तशीच. तोटीच्या ओठावर पृष्ठताणामुळे पाणी अडून राहते आणि दर खेपेला वेगळे राहते.

मग उरतो तराजू. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात टांगून तोलायची. वजनात जी घट येते तेवढेच बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन. हे आर्किमिडीजचे तत्त्व, पण त्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या मुकुटाच्या गोष्टीत पाणी सांडवूनच सोने तपासले जाते. ती गोष्ट रोमन लेखक विट्रुव्हिअसने आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिली. १५८६ मध्ये तरुण गॅलिलिओने एक छोटा लेख लिहून दाखवले की सांडलेले पाणी मोजण्यात अचूकता नाही, खरी अचूकता वस्तू पाण्यात तोलण्यात आहे. माझ्या मते शाळेत मुकुटाची गोष्ट सांगताना गॅलिलिओची ही दुरुस्ती सांगायलाच हवी. ती न सांगितल्यामुळे मुलांना वाटते की मोजपात्रातली पातळी वाचणे हीच पद्धत आहे. ती पद्धतीची सोपी आणि सर्वांत ढोबळ आवृत्ती आहे.

पहिला प्रयत्न, १७९३

या कामाला पहिल्यांदा हात घातला तो रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझिये आणि स्फटिकशास्त्रज्ञ रने-झ्युस्त आउई यांनी. त्यांनीही पितळी दंडगोलच बुडवला होता. त्यांचा निष्कर्ष जुन्या फ्रेंच मापांत असा: बर्फ वितळण्याच्या तापमानाला एक घनफूट पाण्याचे वजन ७० लिव्र ६० ग्रेन. एका लिव्रचे ९,२१६ ग्रेन, म्हणजे एकूण ६,४५,१८० ग्रेन. त्यावरून घन डेसिमीटर पाण्याचे वजन निघाले १८,८४१ ग्रेन, आणि तोच हंगामी किलोग्रॅम ठरला. नोव्हेंबर १७९३ मध्ये लव्हाझियेला अटक झाली आणि ८ मे १७९४ रोजी गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. राज्यक्रांतीआधी तो करवसुली करणाऱ्या मंडळाचा भागीदार होता, हा त्याचा गुन्हा. वजनमापांचे काम त्याच्यावाचून पुढे गेले.

दुसरा प्रयत्न: लफेव्र-जिनो आणि फाब्रोनी

१७९८ च्या अखेरीस फ्रान्सने इतर देशांचे प्रतिनिधी पॅरिसला बोलावले. नवी मापे एका देशाची राहू नयेत, असा हेतू होता. किलोग्रॅमचे काम लुई लफेव्र-जिनो याच्याकडे होते, आणि फ्लॉरेन्सहून आलेला जिओव्हानी फाब्रोनी त्याला येऊन मिळाला. उपकरणे निकोला फॉर्टिनची. वायुभारमापकामुळे आपल्याकडच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्याचे नाव ठाऊक असते, तोच हा फॉर्टिन. दंडगोल त्याचा, तराजू त्याचा, आणि लांबी ताडून पाहायचे यंत्रही त्याचेच.

दंडगोलाची घडण विचारपूर्वक केलेली होती. तो भरीव असता तर ११.३ लिटर पितळेचे वजन ९५ किलोंच्या घरात गेले असते, आणि एवढा भार पेलणारा तराजू बारीक वजन दाखवू शकत नाही. म्हणून तो आतून पोकळ ठेवला, पाण्याच्या दाबाने दबू नये म्हणून आत आधार दिले, आणि एकूण वजन त्याने सारलेल्या पाण्यापेक्षा किंचितच जास्त राहील असे पाहिले. त्यामुळे तो बुडायचा, पण पाण्यात टांगल्यावर तराजूवर नाममात्र भार यायचा. पाण्यातले वजन लहान वजनांनीच तोलता येई आणि तिथली चूकही लहान राही.

व्यास आणि उंची एकेकदा मोजून भागत नाही, कारण माणसाने केलेला कोणताही दंडगोल आदर्श नसतो. वेगवेगळ्या पातळ्यांवर, वेगवेगळ्या दिशांनी मापे घेऊन त्यांवरून आकारमान काढले. वजनांचा हिशेब अखेर ज्या जुन्या प्रमाणाशी जोडला, तो म्हणजे शार्लमेनच्या नावाने ओळखला जाणारा, एकात एक बसणाऱ्या वाट्यांच्या आकाराच्या वजनांचा संच. एकूण ५० मार्क, म्हणजे आजच्या हिशेबाने १२ किलो २३८ ग्रॅम. हा संच अजूनही पॅरिसच्या कला आणि हस्तव्यवसाय संग्रहालयात आहे.

यानंतर येतात दुरुस्त्या. या प्रकरणाचा जीव त्यांतच आहे, म्हणून थोडे सावकाश पाहू.

पहिली दुरुस्ती हवेची. दंडगोल हवेत तोलताना तोही हवेत बुडालेलाच असतो. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम. म्हणजे ११.३ लिटरच्या दंडगोलाला हवा साडेतेरा ग्रॅमने वर उचलते. दुसऱ्या पारड्यातल्या पितळी वजनांनाही हवा उचलते, पण ती भरीव असल्याने फार कमी. ही बाब सोडून दिली असती तर उत्तर हजारात एकाहून अधिक चुकले असते. म्हणून सगळी वजने निर्वातात केल्यासारखी दुरुस्त करून घेतली.

दुसरी दुरुस्ती पितळेची. दंडगोलाची मापे खोलीच्या हवेत घेतली आणि तो बुडवला बर्फाच्या वेढ्यात ठेवलेल्या, शून्य अंशाच्या अगदी जवळच्या पाण्यात. पितळ दर अंशाला लांबीत दहा लाखांत १९ इतके आक्रसते, म्हणजे आकारमानात दहा लाखांत ५७. सतरा अंशांचा फरक धरला तर आकारमान दहा लाखांत जवळजवळ ९७० ने घटते. अकरा लिटरच्या दंडगोलात हे अकरा मिलिलिटर होतात. पट्टीने मोजलेला दंडगोल आणि पाण्यात बुडालेला दंडगोल हे आकारमानाच्या दृष्टीने दोन वेगळे दंडगोल आहेत, असे म्हटले तरी चालेल.

तिसरी दुरुस्ती पाण्याची, आणि तिने कायद्यातली व्याख्याच बदलली. लफेव्र-जिनो आणि फाब्रोनी यांनी वेगवेगळ्या तापमानांना पाण्याची घनता तपासली आणि ती ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते असे ठरवले. दहावीच्या पुस्तकात पाण्याचे असंगत आचरण शिकवताना होपचे उपकरण दाखवतात. होपचा तो प्रयोग १८०५ चा, पॅरिसमधले हे काम त्याच्या सहा वर्षे आधीचे. शून्य अंशापाशी पाण्याची घनता भराभर बदलत असते, एका अंशात दहा लाखांत जवळजवळ ६०. चार अंशांपाशी मात्र ती शिखरावर असते, आणि शिखराच्या आसपास उतार जवळजवळ नसतो. व्याख्या तिथे नेली की तापमानातल्या किरकोळ फरकाने तिला धक्का लागत नाही. म्हणून किलोग्रॅमच्या व्याख्येत वितळत्या बर्फाऐवजी सर्वाधिक घनतेचे पाणी आले. १७९९ च्या त्या सगळ्या कामात मला हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

१४ ग्रेन कुठे गेले?

नवा निष्कर्ष आला: सर्वाधिक घनतेच्या एक घनफूट पाण्याचे वजन ७० लिव्र २२३ ग्रेन, आणि घन डेसिमीटरचे १८,८२७.१५ ग्रेन. हंगामी किलोग्रॅम १८,८४१ ग्रेनचा होता. म्हणजे किलोग्रॅम सुमारे १४ ग्रेनने, आजच्या मापात ०.७४ ग्रॅमने, हलका झाला. लव्हाझियेचा प्रयोग चुकला होता असा निष्कर्ष यावरून कोणी काढला तर तो त्याच्यावर अन्याय ठरेल. आकडे सुटे करून पाहू.

गंमत अशी की घनफुटाचे वजन वाढले आणि घन डेसिमीटरचे घटले. याचे कारण मधल्या काळात मीटरच बदलला होता. हंगामी मीटर लांबीच्या जुन्या फ्रेंच मापात ४४३.४४ लीन्यचा होता (लीन्य म्हणजे फुटाचा १४४ वा भाग). मीटर पृथ्वीच्या रेखावृत्ताच्या लांबीवरून काढायचा होता. डंकर्क ते बार्सिलोना हा त्याचा भाग मोजल्यानंतर अंतिम मीटर ठरला ४४३.२९६ लीन्यचा. मीटर आखूड झाला फक्त एक तृतीयांश मिलिमीटरने, पण आकारमानात तोच फरक तिप्पट होऊन बसतो. घन डेसिमीटर दहा लाखांत ९७४ ने लहान झाला आणि त्यामुळे किलोग्रॅममधून ०.९७४ ग्रॅम गेले. पाणी शून्यावरून चार अंशांवर नेल्याने ०.१३३ ग्रॅम परत आले. या दोन्हींची बेरीज-वजाबाकी केली की दोन प्रयोगांमध्ये खरा मतभेद उरतो तो सुमारे ०.१ ग्रॅमचा, म्हणजे दहा हजारांत एक. तुरुंगाची आणि मरणाची छाया असलेल्या वर्षी केलेल्या मोजणीला ही अचूकता दाद देण्याजोगी आहे.

या निष्कर्षाबरहुकूम जानेती या कारागिराने प्लॅटिनमचे वजन केले, आणि २२ जून १७९९ रोजी ते फ्रान्सच्या अभिलेखागारात समारंभाने ठेवले गेले. त्याच वर्षी १० डिसेंबरच्या कायद्याने ते अंतिम ठरले.

२८ मिलिग्रॅमचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, पॅरिसजवळ सेव्रला असलेल्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाने हाच प्रयोग पुन्हा केला. शार्ल एदुआर गियोम याने कांस्याचे दंडगोल वापरले, पिएर शाप्पुई याने काचेचे घन वापरून त्यांची मापे प्रकाशाच्या व्यतिकरणाने घेतली, आणि आणखी एका गटाने क्वार्ट्झचे घन वापरले. तिन्ही वाटांनी उत्तर जवळपास एकच आले: एक किलोग्रॅम पाणी सर्वाधिक घनतेला १.००००२८ घन डेसिमीटर जागा घेते. म्हणजे १७९९ चा किलोग्रॅम ठरवलेल्या व्याख्येपेक्षा २८ मिलिग्रॅम जड निघाला.

आता उलट हिशेब करू. २८ दशलक्षांशाचा हा फरक त्या दंडगोलावर कुठून येऊ शकतो?

बुडबुडा धरून पाहा. दंडगोलाने सारलेले पाणी ११.३ किलो, त्याच्या दहा लाखांत २८ म्हणजे ०.३२ ग्रॅम. एवढा परिणाम करायला ०.३२ मिलिलिटरचा बुडबुडा दंडगोलाला चिकटलेला हवा. त्याचा व्यास होतो साडेआठ मिलिमीटर, चांगल्या टपोऱ्या वाटाण्याएवढा. बुडबुड्यामुळे पाण्याचे वजन जास्त भरते, म्हणजे चुकीची दिशा जुळते. पण एवढा मोठा बुडबुडा डोळ्यांना दिसल्याशिवाय राहत नाही, आणि हे लोक आंधळेपणाने काम करणारे नव्हते. एक मिलिमीटरचे बारीक बुडबुडे म्हणाल तर सहाशे लागतील.

टांगायच्या तारेवरचा पृष्ठताण? तार पाण्यात शिरते तिथे पाणी तिला खाली ओढते. तार एक मिलिमीटर जाडीची धरली तर ही ओढ २३ मिलिग्रॅमची, ३२० मिलिग्रॅमपुढे किरकोळ. शिवाय तिची दिशा उलटी. तिने पाण्यातले वजन वाढते, घट कमी दिसते आणि किलोग्रॅम हलका निघायला हवा. पाण्यात विरघळलेली हवाही घनता दहा लाखांत तीन-चारनेच बदलते, तीही कमी करते. हे दोन्ही सोडून देऊ.

पट्टीकडे या. आकारमानात दहा लाखांत २८ म्हणजे लांबीत नऊ-सव्वानऊ. २४.३ सेंटिमीटरवर हे होतात २.३ मायक्रॉन. उंची आणि व्यास दोन्ही दोन-अडीच मायक्रॉनने कमी मोजले गेले असतील, तर सगळी चूक तिथेच संपते. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो.

तापमानाकडे या. पितळेचा प्रसरणांक तीन टक्क्यांनी जास्त धरला गेला असेल, तर ९७० दशलक्षांशांच्या दुरुस्तीत २९ ची चूक होते. बास. किंवा बर्फाच्या वेढ्यातले पाणी खरोखर होते त्याहून पाव अंश थंड समजले गेले, तरी तेवढाच फरक पडतो. पाण्याच्या घनतेतून दर अंशाला सुमारे ५९ आणि दंडगोलाच्या आकारमानातून ५७, आणि दोन्ही चुका एकाच दिशेने साचतात. पाव अंशाला मिळून २९.

या हिशेबातून माझे मत असे झाले आहे की दोष तराजूकडे जात नाही. संशयाच्या ज्या वाटा खऱ्या वाटतात त्या लांबीकडे आणि तापमापीकडे जातात. पाण्यात तोलणे ही पद्धत तिच्याभोवतीच्या सगळ्या मोजण्यांच्या पुढे निघून गेली होती. फॉर्टिनच्या तराजूला जे दिसत होते, ते पट्टीला आणि पाऱ्याला दिसत नव्हते.

पाण्याला रजा, पाण्यालाच काम

ही चूक तंतोतंत कळण्याच्या आधीच जगाने निर्णय घेतला होता. १८७२ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ठरवले की किलोग्रॅम पुन्हा पाण्यातून काढायचा नाही, अभिलेखागारातले प्लॅटिनमचे वजन आहे तसे प्रमाण मानायचे. दर नव्या प्रयोगानिशी जगभरची वजने बदलत बसणे परवडणारे नव्हते. त्या वजनाशी जुळवून प्लॅटिनम-इरिडिअमचा आंतरराष्ट्रीय किलोग्रॅम तयार झाला आणि १८८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. व्याख्येतून पाणी गेले.

ते दुसऱ्या दाराने परत आले. या किलोग्रॅमच्या ज्या प्रती देशोदेशी वाटल्या, त्या प्रत्येकीचे आकारमान पाण्यात तोलूनच काढले गेले. याची गरज अशी: प्लॅटिनम-इरिडिअमच्या एका किलोचे आकारमान सुमारे ४६.५ घन सेंटिमीटर, आणि पोलादाच्या किलोचे १२५. दोन्ही हवेत एकमेकांसमोर तोलले तर हवेचा उचल पोलादाला ९० मिलिग्रॅमहून जास्त मिळतो. तो वजा करायचा तर दोन्हींचे आकारमान माहीत हवे. ज्या पद्धतीने आकारमानावरून वजन काढले, तिनेच आता वजनावरून आकारमान निघू लागले. भारताला मिळालेली प्रत ५७ क्रमांकाची, ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. १९५६ च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या बाजारात शेर, छटाक, तोळा मागे पडून किलो-ग्रॅम येऊ लागले. सराफकट्ट्यावर तोळा शब्द टिकला, पण पूर्वीचा ११.६६ ग्रॅमचा तोळा जाऊन बोलण्यातला तोळा दहा ग्रॅमचा झाला.

२८ मिलिग्रॅमने एक विचित्र घोळ मात्र घातला. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या 'एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान' अशी केली गेली. त्यामुळे लिटर आणि घन डेसिमीटर ही दोन वेगळी मापे झाली, मिलिलिटर आणि सीसी यांत दहा लाखांत २८ चा फरक पडला. १९६४ मध्ये ती व्याख्या मागे घेतली आणि लिटर म्हणजे घन डेसिमीटर हे पुन्हा खरे झाले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर उभा आहे.

आपल्या प्रयोगशाळेत

हे प्रकरण वर्गात शिकवायचे असेल तर त्याची छोटी आवृत्ती कोणत्याही महाविद्यालयात करता येते. पाच सेंटिमीटर बाजूचा पितळी ठोकळा, व्हर्निअर कॅलिपर, आणि शतांश ग्रॅम दाखवणारा, दोन किलोंपर्यंत पेलणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरे. काट्याखाली हूक नसला तरी अडत नाही. काट्यावर पाण्याचे चंचुपात्र ठेवा, आकडा शून्यावर आणा, आणि ठोकळा बारीक नायलॉन दोऱ्याने स्टँडला टांगून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असा सोडा. पाणी ठोकळ्याला जेवढे वर उचलते, तेवढेच ठोकळा पाण्याला खाली दाबतो. म्हणून काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन.

मग दोन्ही आकारमाने शेजारी लिहायला सांगा. व्हर्निअरचा लघुत्तम माप दशांश मिलिमीटर, म्हणजे पाच सेंटिमीटरवर हजारात दोन, आणि आकारमानात हजारात सहा. १२५ घन सेंटिमीटरवर ही पाऊण मिलिलिटरची अनिश्चितता झाली. काटा वाचतो ०.०१ ग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिलिटर. पंचाहत्तर पट बारीक. पॅरिसमध्ये जे घडले तेच विद्यार्थ्याच्या वहीत दिसते: तराजू पट्टीच्या पुढे असतो.

काळज्या थोड्या आहेत. ठोकळा आधी साबणाने धुऊन घ्यावा, म्हणजे तेलकट पृष्ठभागावर बुडबुडे धरत नाहीत. पाणी उकळून गार केलेले असावे, नाहीतर खोलीत ठेवलेल्या नळाच्या पाण्यातून तासाभरात हवेचे कण सुटून ठोकळ्यावर बसतात. बसलेच तर मऊ कुंचल्याने पाण्यातच झाडावेत. दोरा बारीक असावा आणि तो ठोकळ्याबरोबर किती बुडतो हे दर वेळी सारखे राहावे.

आणि तापमापी पाण्यात हवीच. काट्यावरचे ग्रॅम सरळ मिलिलिटर म्हणून लिहायची सवय आपल्याकडे फार आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात प्रयोग केला तर पाणी सहज ३० अंशांवर असते. तिथे घनता ०.९९५७ ग्रॅम प्रति मिलिलिटर. १२५ मिलिलिटरच्या ठोकळ्यासाठी काटा १२४.४६ दाखवील. तोच आकडा मिलिलिटर समजून लिहिला तर अर्धा मिलिलिटर गेला, म्हणजे काट्याच्या पन्नास पायऱ्या. भागाकार करायला विसरू नये.